धबधब्यावरच्या सोयरिकी

आमच्या वन्संना रिकामी खुर्ची बघवायची नाही. चहाला सगळे बसले आणि एक खुर्ची उरली, की त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि रस्त्याने जो पहिला जाईल त्याला आत घ्यायच्या. असाच एकदा एक विमा विकणारा घरात आला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. माणसांच्या बाबतीतही तेच. कुणी एकटं दिसलं की यांचा जीव खालीवर. शिंप्याच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, तर शिंपी निवांत मशीन चालवत असायचा आणि झोप उडालेली आमच्या वन्संची. गल्लीतले निम्मे संसार त्यांनी जुळवून दिलेले आहेत. उरलेले निम्मे त्यांना येताना बघितलं की आतून कडी लावून घ्यायचे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. सगळ्या गल्लीच्या त्या आत्या, माझ्या तेवढ्या वन्सं. त्यांचं स्वतःचं लग्न घाईत झालं होतं. मुलगा दिसायला चांगला, नोकरीला लागलेला, बोलायला गोड. त्याच्या छातीत दुखणं होतं, ते तिकडच्यांनी सांगितलं नाही आणि आमच्याकडच्यांनी विचारलं नाही. संसार नीट मांडून होईपर्यंत तो गेला, आणि वन्सं पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे परत आल्या त्या कायमच्या. रडल्या फार नाहीत. पण तेव्हापासून त्यांचा एक नियम झाला, आधी चौकशी, मग चहा. कुणाचं लग्न जुळवायचं तर मुलाच्या कामावर जाऊन विचारायचं, घरमालकाला विचारायचं आणि शेवटी त्याच्या न्हाव्याला विचारायचं. "न्हाव्यापुढे माणूस मान वाकवून बसतो ना, वहिनी, तिथे त्याला खोटं बोलवत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही. आमची सूनही त्यांनीच शोधून आणली, आणि तिच्या हाताला माझ्यापेक्षा चव आहे हेही मला त्यांनीच ऐकवलं.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे त्यांनी जे केलं ते याच स्वभावापायी केलं.

गावाचा रस्ता संपून डोंगर सुरू होतो तिथे माशांचं केंद्र आहे. पत्र्याच्या छपराची बैठी इमारत, दोन खोल्या, मागे सिमेंटच्या टाक्या आणि जिथे हात लावाल तिथे ओल. डोंगरातला ओढा त्याला लागूनच वाहतो. पायवाटेने वर चढलं की धबधबा, आणि धबधब्याच्या माथ्यावर एक खोल, हिरवा, गारठलेला डोह. या पाण्यात एक मासा असतो. तळहातावर मावेल एवढा, पाठीवर ठिपके, म्हणून सगळे त्याला ठिपक्या म्हणतात. पूर्वी मुलं त्याला ओंजळीने पकडायची. आता जाळं लावलं तरी मोजकेच येतात. जगात हा मासा एवढ्याच डोंगरात उरलाय असं म्हणतात, आणि तोही किती दिवस, कुणाला ठाऊक.

वन्सं केंद्रात झाडलोटीला लागल्या. रबरी बूट दोन माप मोठे मिळाले, ते आत जाड मोजे घालून चालवून घेतले. थोड्या दिवसांनी तिथे माशांची डॉक्टरीण आली. काडीसारखी पोरगी, चष्म्यावर कायम पाण्याचे शिंतोडे, आणि लग्न झालेलं नाही. म्हणजे काय झालं असेल ते ओळखा. पहिल्याच आठवड्यात वन्संनी तिच्यासाठी दोन मुलं हेरली, एक बँकेतला आणि एक दातांचा डॉक्टर.

ती म्हणाली, "आत्या, मला मासे पुरेत."

"माशांना पेन्शन नसते हो," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीण इतकी हसली म्हणे, की हातातला मासा निसटून बादलीत पडला. तिथून दोघींचं जमलं. एक दिवस तिने वन्संचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "किती गार आहेत तुमचे हात. माशाला असेच हात लागतात." आणि वन्संच्या हातातला झाडू जाऊन त्या मोजणीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

ते काम मी बघितलंय, मला फार आवडायचं. माशाला आधी लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात सोडायचं, की तो गुंगून आडवा होतो. हात ओले करून मगच त्याला उचलायचं, कोरडा हात लागला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा पुसला जातो आणि मग त्याला आजार धरतो. पट्टी ठोकलेल्या फळीवर नाक टेकवून ठेवायचं. लांबी किती, डोकं केवढं, डोळा केवढा, अंगावरच्या रेघेत खवले किती, हे वन्सं मोठ्याने सांगायच्या आणि डॉक्टरीण लिहून घ्यायची. शेवटी शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कात्रीने कापून स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकायचा. पर पुन्हा उगवतो, त्याला काही होत नाही. मग मासा ताज्या पाण्यात. तो उताणा असायचा तो हळूच सुलटा व्हायचा, आणि तोपर्यंत वन्सं तिथून हलायच्या नाहीत. घरी आल्या की त्यांच्या बोटांना लवंगेचा वास यायचा.

"त्या तुकड्याचं काय करतात हो?" मी एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"त्यात त्याचं सगळं कूळ असतं, आजी. जनुकं म्हणतात त्याला. आई कोण, बाप कोण, पणजोबा कुठल्या पाण्यातला, सगळं त्यातून निघतं."

"म्हणजे न्हाव्याहून पक्की चौकशी," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंच्या मनात एक गोष्ट होती. धबधब्याखालचा ठिपक्या आणि धबधब्यावरचा ठिपक्या वेगवेगळे असावेत असं त्यांना वाटायचं. वरच्याचं तोंड बोथट, ओठ जाड, ठिपके बारीक. खालच्याचं तोंड निमुळतं. धबधब्याने दोघांची कधीच्या काळी ताटातूट केली, आणि वरच्याने थंड पाण्यात आपला वेगळा संसार मांडला. मोजमापात फरक दिसत होता, तोच कुळातही निघाला, तर वरच्या माशाला त्याचं स्वतःचं नाव मिळणार होतं आणि त्या डोहाला पुढे कुणी हात लावू शकणार नव्हतं. त्यासाठी काही वर्षांचे तुकडे साठवून एकदम शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं. सगळं नीट व्हावं म्हणून एकच कडक नियम होता. ज्या पाण्यातला मासा, मोजून झाला की त्याच पाण्यात परत.

पहिल्याच वर्षी, थंडी ओसरता ओसरता, वरच्या डोहात जाळी लावली. नर-मादी ओळखायला वन्सं तोवर शिकल्या होत्या. त्या दिवसांत नराच्या नाकाडावर खसखशीएवढे खरखरीत फोड येतात, आणि मादीचं पोट मऊ लागतं. जाळं काढलं तर सगळे नर. पुन्हा लावलं, पुन्हा नर. एकच काय ती म्हातारी मादी आली, तिचंही पोट रिकामं.

घरी येऊन वन्सं जेवेनात.

"वहिनी, वर सगळे नवरदेव. नवरी औषधाला नाही."

आमच्या ह्यांना बहिणीची चेष्टा करायला एवढं पुरे. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मग काढ की एखादं स्थळ."

आम्ही हसलो. वन्सं हसल्या नाहीत, आणि ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून खालच्या ओढ्यातली मोजणी होती. मोजलेले मासे पाण्यात परत सोडायचं काम वन्संचंच. त्यांनी त्यातल्या चांगल्या गुबगुबीत माद्या निवडल्या, आमच्या घरच्या दुधाच्या किटलीत घातल्या, झाकण लावलं आणि धबधब्याच्या बाजूच्या वाटेने वर जाऊन डोहात सोडून आल्या. कुणी बघितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी त्या दिवसांत आमच्या दुधाला वास यायचा आणि मी दूधवाल्याशी भांडायचे. तो बिचारा शपथा घ्यायचा.

वरच्या डोहातले मासे वाढले. डॉक्टरीणबाई खूश. खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांच्यासमोर म्हणाल्या, "आमच्या आत्यांच्या हाताला गुण आहे." घरी येऊन वन्संनी ते आम्हाला सांगितलं, मग शेजारी सांगितलं, मग शिंप्याकडे काही काम नसताना जाऊन सांगितलं. आपण काही चुकीचं केलंय हे त्यांच्या मनात नव्हतं. लेकीबाळींना चांगल्या घरी देऊन आल्यासारखं त्यांना वाटायचं.

शहरातून निकाल आला तो दिवस मला आठवतो, कारण वन्सं केंद्रातून आल्या आणि बूट न काढताच घरात आल्या. फरशीवर चिखल.

"काय झालं हो?"

"मासे धबधबा चढतात म्हणे," एवढंच म्हणाल्या आणि चुलीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वरच्या डोहातल्या माशांत खालच्या माशांचं रक्त निघालं होतं, आणि दर वर्षी जास्त जास्त. पोरांच्या पोरांत सुद्धा. डॉक्टरीणबाईंनी आठवून बघितलं, मधल्या एका पुरात धबधब्याचा एक कडा ढासळला होता. तेव्हापासून खालच्या माशांना वर जायला वाट मिळाली असणार. बाई मनाने मोठ्या, आपला अंदाज चुकला म्हणून हिरमुसल्या नाहीत. उलट हा एवढासा मासा एवढा मोठा धबधबा चढतो, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून हरखल्या. बिस्किटांचा पुडा फोडला, सगळ्यांना चहा. सगळ्यात मोठं बिस्किट वन्संच्या हातावर ठेवलं.

"मी खाल्लं ते, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "तोंडात फिरत होतं, तरी गिळलं."

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण वरचे खालचे एकच म्हटल्यावर साहेबांनी ठरवलं, की खालच्या टाक्यांमधली वाढवलेली पिल्लं गाडी भरभरून वरच्या डोहात सोडायची. म्हणजे डोह भरून जाईल आणि खात्याचंही नाव होईल. वरचा मासा थोडाफार उरला असेल तो त्या गर्दीत कायमचा संपणार होता. हे थांबवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या स्वयंपाकघरात चिखलाचे बूट घालून उभं होतं.

आमचे हे म्हणाले, "गप्प बस तू. मासे काय साक्ष द्यायला येणारेत?"

"तेच तर आले, दादा," वन्सं म्हणाल्या. "तुकड्यातुकड्यातून बोलले सगळे. फक्त त्यांचं बाईंना उलटं ऐकू गेलं."

"नोकरी जाईल."

"नोकरीचं काही नाही रे." मग थांबून म्हणाल्या, "ती मला आत्या म्हणते."

आमच्या ह्यांनी पेपर उचलला. स्थळ काढायला आपणच सांगितलं होतं, हे त्यांना त्या वेळी आठवलं असावं. पेपर उलटा धरून बसून राहिले.

तरीही वन्सं गेल्या नाहीत. उद्या सांगते म्हणायच्या आणि जाऊन टेबल पुसून परत यायच्या. तोंड उघडायला गेलं की दातखीळ बसते म्हणायच्या. मी समजू शकत होते. चोरी केली असती तर चोरी केली म्हणून सांगता आलं असतं. मी माशांची लग्नं लावली, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? ऐकणारा आधी हसणार, आणि मग त्याला कळणार.

इकडे डॉक्टरीणबाईंनी नवीनच धरलं. मासा धबधबा चढताना फोटोत पकडायचा. साहेबांपुढे आणि शहरात माशांच्या अभ्यासकांची मोठी सभा भरणार होती तिथे दाखवायला पुरावा हवा. तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावून त्या रोज सकाळपासून धबधब्याच्या पायथ्याशी खडकावर बसायला लागल्या. अंगावर रेनकोट, पण तिथले तुषार रेनकोटाला कुठे जुमानतात. वन्सं त्यांना थर्मासमधून चहा नेऊन द्यायच्या. पहिले काही दिवस बाई उत्साहात होत्या, मग खोकायला लागल्या. वन्संनी घरी येऊन काढा उकळला, थर्मासात भरला आणि तो घेऊन दारातच बसून राहिल्या.

"वहिनी, चल माझ्याबरोबर. एकटीचे माझे पाय वळायचे नाहीत."

"मी काय बोलणार तिथे?"

"काही बोलू नकोस. मी पळून यायला लागले तर वाटेत उभी राहा."

माझे गुडघे कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. त्या ओल्या दगडांवरून मी कशी गेले ते माझं मला माहीत. पण गेले. डॉक्टरीणबाई खडकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या, चष्म्यावर नुसतं पाणी. आम्हाला बघून हसल्या.

"अरे वा, आजीसुद्धा. आत्या, काल एकाने उडी मारली. अर्ध्यापर्यंत जाऊन पडला, पण मारली. आज-उद्या नक्की सापडेल बघा."

वन्संनी कपात काढा ओतला. निम्मा खाली सांडला.

"बाई, तो चढणार नाही."

"का नाही? वर गेलेत म्हणजे चढलेच असणार."

"चढले नाहीत. मी नेले." आणि मग एकदा गाडी सुटली ती सुटलीच. "किटलीत घालून नेले, बाई. वर सगळे नर आले होते ना पहिल्या वर्षी, नवरीच नव्हती एक. मला बघवेना. म्हणून खालच्या माद्या नेऊन सोडल्या. दर वर्षी नेल्या. चांगल्या बघून नेल्या."

बाई वन्संकडे बघत राहिल्या. एकदा त्यांचे ओठ हसल्यासारखे हलले, मला वाटलं आता हसतील. मग ते हसू चेहऱ्यावरच विरलं. त्या उठल्या, कॅमेरा काढला, पुसला, पेटीत ठेवला. स्टँडचे पाय एकेक करून मिटले.

"आत्या," त्या म्हणाल्या, "त्या दिवसांत माद्या डोहात नसतातच. त्या अंडी घालायच्या कितीतरी आधीच वरच्या कपारीत जाऊन बसतात, दगडांच्या फटींत. नर डोहात थांबतात. नवऱ्या होत्या. घरातच होत्या."

वन्सं खाली बसल्या. खडक ओला आहे, कपडे भिजतील, काही नाही.

"तुम्ही मला विचारलं असतं," बाई म्हणाल्या, "तर सांगितलं असतं. एवढंच विचारायचं होतं."

आधी चौकशी, मग चहा. जन्मभर ज्यांनी दुसऱ्याच्या दारात जाऊन खोदून खोदून विचारलं, त्यांनी एवढी एक चौकशी केली नव्हती. ज्या चुकीने त्यांचा स्वतःचा संसार बुडाला होता, तीच त्यांनी त्या डोहात नेऊन केली होती. माझ्या मनात हे आलं तेव्हा त्यांच्याही मनात आलं असणार, कारण त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ट्रंक घेऊन परत आल्या होत्या तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

बाई पुढे बोलत होत्या, आमच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. वरचा मासा पाणी जरा कोमट झाल्यावर उशिरा अंडी घालतो. खालचा लवकर घालतो. या वर्षी वरच्या डोहात पांढरी पडलेली, मेलेली अंडी सापडली होती आणि त्याचं कारण त्यांना सापडत नव्हतं. आता सापडलं. मिसळलेल्या माशांनी आईसारखी लवकर अंडी घातली, आणि ती थंडीने गेली.

"मी त्यांना ठार मारलं म्हणा की," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी नाही म्हटलं नाही. खोटा धीर द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पेटी खांद्याला लावली, निघाल्या, आणि चार पावलांवर थांबल्या. आमच्याकडे पाठ होती.

"मला इतके दिवस इथे भिजू दिलंत, आत्या."

माशांचं सगळं ऐकूनही वन्सं रडल्या नव्हत्या. या एका वाक्याने रडल्या.

दुसऱ्या दिवशी वन्संनी बूट धुऊन, पुसून पिशवीत भरले, परत करायला. केंद्रावर गेल्या तर बाई शहरात गेलेल्या. साहेबांना आणि सभेला सांगायला, की मासा धबधबा चढत नाही, मी आधी पाठवलेला अहवाल मागे घेते. तिथे काय झालं ते केंद्राच्या ड्रायव्हरने आम्हाला सांगितलं, तो गाडी घेऊन गेला होता. कसं झालं असं सगळ्यांनी विचारलं, कुणाची चूक, नाव काय. बाई म्हणाल्या, "माझ्या केंद्रात झालं. माझं लक्ष नव्हतं." पुढचं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. एक जण म्हणे मोठ्याने हसला.

वन्संना हे कळलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तिने माझं नाव का नाही सांगितलं? सांगायला हवं होतं." आणि दिवसभर हाच प्रश्न. त्यांना ओरडा हवा होता. ओरडा मिळाला असता तर हिशेब फिटला असता. तो मिळाला नाही, आणि मग ती लाज घरात पाहुण्यासारखी राहायलाच आली. जेवायला आमच्याबरोबर बसायची.

बाई परतल्या. बुटांची पिशवी बघून म्हणाल्या, "हे परत कशाला? काम वाढलंय आता." वरच्या डोहात पिल्लं सोडायचं रद्द झालं होतं, पण पुढचं अवघड होतं. डोहातला एकेक मासा पकडायचा, त्याचा तुकडा शहरात पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत त्याला वेगळ्या टाकीत ठेवायचं. जे निव्वळ वरचे निघतील ते पुन्हा वर. मिसळलेले निघतील ते मरेपर्यंत खालच्या टाक्यांत. निव्वळ वरचा कसा ओळखायचा, तर वन्संनी किटली उचलायच्या आधीच्या, पहिल्या वर्षीच्या बाटल्या होत्या, त्यांच्याशी ताडून.

आणि हे काम वन्संनी केलं. जिने जन्मभर जुळवलं तिच्या वाट्याला सोडवायचं आलं. निकाल आला की बाई नंबर सांगायच्या आणि वन्सं ओल्या हातांनी मासा उचलायच्या, हा इकडे, हा तिकडे. तिकडच्या टाक्या भरत गेल्या. त्या माशांचं तोंड ना बोथट ना निमुळतं. वन्संनी त्यांची फार निगा राखली. त्यांचा काय दोष, म्हणायच्या. पण त्यांच्याकडे नीट बघायच्या नाहीत, कुठेतरी बाजूला बघत खाणं टाकायच्या.

गल्लीतली लग्नं जुळवणं त्यांनी सोडलं. कुणी मुलाचं सांगायला आलं की त्यांना आत काहीतरी काम निघायचं. शिंप्याची सून आपल्या लेकीसाठी आली, किती आशेने आली होती. वन्सं म्हणाल्या, "मला विचारू नकोस बाई. न्हाव्याला विचार." ती वेडावून दाखवल्यासारखं वाटून रागाने गेली. आणि आमच्याकडची रिकामी खुर्ची रिकामी राहायला लागली. मला ती सवय नव्हती, मीच मग पाय वर घेऊन बसायला लागले.

बाई मात्र त्यांना पुन्हा आत्या म्हणायला लागल्या. लगेच नाही. काही महिने नुसतं "जरा इकडे या" चालायचं. मग एक दिवस पाण्याचा नळ फुटला आणि घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, धरा." वन्संनी घरी येऊन मला सांगितलं, पण शेजारी सांगायला गेल्या नाहीत.

निव्वळ वरचे असे थोडेसेच निघाले. ते वर न्यायचे तर तीच वाट आणि तीच किटली, कारण केंद्राच्या बादल्या त्या अरुंद वाटेवर हिंदकळायच्या. वन्संनी बाईंना सांगितलं, की किटली तुम्ही भरा, मी नुसती उचलीन. बाईंनी भरली. डोहाशी मासे सोडून झाल्यावर उतरताना वन्सं वाटेच्या तोंडाशी थांबल्या. किटलीचं झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर ती उलटी धरली. दोन-चार थेंब पडले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"रिकामी आहे," वन्सं म्हणाल्या.

पुढच्या खेपेला तर वर चढायच्या आधीच त्यांनी किटली उलटी केली, मग बाईंपुढे भरायला धरली, आणि खाली आल्यावर पुन्हा उलटी. मग तो पायंडाच पडून गेला. कुणी मागितलं नव्हतं. डोहाकडे जाताना आणि येताना, वाटेच्या तोंडाशी, झाकण काढून किटली उलटी. ड्रायव्हर आधी हसायचा, मग तोही थांबायला लागला, थेंब पडेपर्यंत.

गेल्या वर्षी वन्संचं वय झालं म्हणून बाईंनी त्यांना सांगितलं, आता वर येऊ नका, वाट निसरडी आहे. शेवटची खेप म्हणून त्या गेल्या, मला पायथ्याशी बसवून. डोहाच्या वरच्या कपारीत त्या वर्षी उशिरा घातलेली अंडी होती, पिवळसर, जिवंत. बाईंनी हाताला धरून त्यांना दाखवायला नेलं. वन्सं लांबूनच बघून मागे सरल्या म्हणे. इतक्या वर्षांनी इथे आपली सावली नको, असं म्हणाल्या.

खाली आल्या तेव्हा वाटेच्या तोंडाशी थांबल्या आणि झाकण काढायला लागल्या.

"आत्या, राहू द्या आता," बाई म्हणाल्या. "मला दिसतंय रिकामी आहे."

"तुम्हाला दिसतंय हो," वन्सं वर धबधब्याकडे बघत म्हणाल्या, आणि किटली उलटी केली.